सहाशेच्या पुढे

घारमावशींचे डोळे काळेभोर होते, घारे नव्हते. नाव पडलं होतं ते नजरेवरून. टाइल्सच्या कारखान्यात, भट्टीच्या तोंडातून निघणाऱ्या पट्ट्यापाशी त्या एकवीस वर्षं उभ्या होत्या. समोरून सरकणाऱ्या लादीवर केसाएवढी चीर असली तरी त्यांचा हात पुढे जायचा आणि लादी बाजूला यायची. कधी कधी हात आधी जातो आणि चीर मागाहून दिसते, असं त्या स्वतःच हसत सांगायच्या.

घरी मात्र हा गुण सगळ्यांच्या मुळावर आला होता. नवरा शिंपी. पुढच्या खोलीतच त्याचं मशीन. कापड अजून सुईखाली असायचं आणि या भाजी निवडता निवडता आतून सांगायच्या, "अहो, तिसरा टाका तिरका गेलाय."

"अगं, ती नजर कारखान्यात काढून ठेवून येत जा ना," तो कळवळून म्हणायचा. पण टाका उसवायचा. कारण तो तिरका असायचाच.

मग कारखान्याने कॅमेरा आणला. पट्ट्याच्या वर एक लोखंडी चौकट, तिच्यात दिवे, मधोमध कॅमेरा, आणि शेजारी काचेच्या खोलीत कॉम्प्युटर. लादी खालून गेली की तिचा फोटो निघायचा, प्रोग्राम तो तपासायचा, खोट दिसली तर लाल दिवा लागून एक दांडा लादीला पट्ट्यावरून खाली ढकलायचा. पट्ट्यापाशी अकरा बायका उभ्या असायच्या, त्यातल्या दहा पॅकिंगला गेल्या. उरली एक जागा, ती म्हणजे काचेच्या खोलीतली खुर्ची. मॅनेजरसाहेबांनी ती घारमावशींना दिली.

"काही करायचं नाही," ते म्हणाले. "सकाळी हे बटण, संध्याकाळी हे बटण. मध्ये बसून राहायचं."

दुसऱ्या कुणाला असं सांगितलं असतं तर त्याने देवाचे आभार मानले असते. मावशींना पहिल्याच आठवड्यात गुदमरल्यासारखं झालं. एकवीस वर्षं जे काम त्यांच्या डोळ्यांनी केलं ते आता एक डबा करत होता, आणि तो नेमकं काय बघतो हे त्यांना कुणी सांगू शकत नव्हतं. कॅमेरा बसवायला आलेल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "मावशी, ते जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलंय, तुम्हाला नाही कळायचं."

झालं. एवढंच त्याने म्हणायला नको होतं.

मावशींची धाकटी नणंद एका प्रशिक्षण केंद्रात कॉम्प्युटर शिकवायची. पण दोघींचं बोलणं कामापुरतंच होतं. सासऱ्यांच्या मागे एका लोखंडी कपाटावरून बिनसलं होतं. कपाट पुढे गंजून भंगारात गेलं, अबोला मात्र धडधाकट राहिला. त्या नणंदेच्या दारात एका रविवारी सकाळी मावशी वही घेऊन उभ्या राहिल्या.

"वन्सं, मला जावा शिकायचंय."

नणंद दाराची कडी हातात धरून तशीच उभी. "वहिनी, जावा म्हणजे काय माहीत तरी आहे का?"

"नाही. पण ते मला कळायचं नाही असं एक जण म्हणाला."

नणंदेला हसू फुटलं. "कोण होता तो मूर्ख?" तिने विचारलं, आणि दार पूर्ण उघडलं.

पुढची दोन वर्षं दर रविवारी मावशी शेवटच्या बाकावर बसल्या. आजूबाजूला विशीतली पोरं-पोरी. सुरुवातीला सगळी दबक्या आवाजात हसायची. महिन्याभरात चित्र पालटलं. प्रोग्राममध्ये कुठे एक अर्धविराम राहिला, कुठे कंस उघडून बंदच केला नाही, की मशीन अडून बसायचं आणि पोरं डोकी खाजवायची. मावशी मागून नुसती मान उंच करायच्या. "सतराव्या ओळीच्या शेवटी." त्यानंतर जो तो आपला स्क्रीन त्यांच्याकडे वळवायला लागला. "मावशी, जरा नजर फिरवा ना."

तरी तर्काच्या बाबतीत त्या हळू होत्या. अॅरे त्यांच्या गळी उतरायला दोन महिने लागले. ओळीने घरं मांडायची, प्रत्येक घरात एक आकडा, आणि घरांना नंबर एकपासून नाही तर शून्यापासून. सहा घरं असतील तर शेवटचा नंबर पाच. "मग सहा नंबरचं घर कुणाचं?" मावशी हट्टाने विचारायच्या. "कुणाचंच नाही, वहिनी. ते नाहीच. त्याचं दार वाजवलं की जावा ओरडतं." हे त्यांनी वहीत लिहून ठेवलं, खाली दोन रेघा मारून.

तिसऱ्या वर्षी कारखान्याने नवी लादी काढली. तोवर लाद्या चौकोनीच असायच्या, चारही बाजू सारख्या. ही लांबट होती, लाकडाच्या फळीसारखी दिसणारी, रुंदीच्या चौपट लांब. पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याचा प्रोग्राम बंद पडला. कॅमेरा पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस आला, तोच तो. तासभर खाटखुट करून त्याने मशीन चालू करून दिलं आणि गेला. पुढे त्या कंपनीनेच गाशा गुंडाळला.

चार महिने सुरळीत गेले, आणि मग लाद्या परत यायला लागल्या. दुकानदार, ठेकेदार, सगळ्यांची एकच तक्रार, पेटी उघडली की दोन-तीन लाद्यांना तडे. मॅनेजरसाहेब तापले. कॅमेऱ्याने पास केलेली लादी तडकलेली निघते म्हणजे ती नंतर तडकली, आणि नंतर तिला हात लागतो तो फक्त हमालांचा. सगळं खापर गाडी भरणाऱ्या टोळीवर फुटलं.

टोळीचा मुकादम जेवणाच्या सुट्टीत मावशींच्या बाकावर येऊन बसला. थोराड माणूस, पण डबाही उघडला नव्हता.

"मावशी, एक तारखेपासून दुसरी टोळी येतेय. साहेबांनी सांगितलं."

"आणि तुम्ही?"

"आम्ही चौदा जण घरी." तो आपल्या तळव्यांकडे बघत होता. "लहान मूल उचलावं तशी पेटी उचलतो आम्ही. हे मी कुणाला पटवू?"

मावशींनी डबा बंद केला आणि उठल्या. "परत आलेल्या लाद्या कुठे ठेवल्यात?"

मागच्या अंगणात पत्र्याखाली त्रेचाळीस लाद्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. मावशींनी पहिली उचलली, उजेडाकडे तिरकी धरली आणि तड्यावरून नख फिरवलं. नख अडकलं नाही. दुसरी घेतली. तिसरी घेतली.

"हा तडा तुमचा नाही," त्या म्हणाल्या. "हात लावून बघा. चिरेच्या आत झिलई उतरलीय, काचेसारखी गुळगुळीत. भट्टीत जायच्या आधीच चीर पडली होती, झिलई वितळून तिच्यात भरली. गाडीत तडकली असती तर कड धारदार लागली असती, आत कोरी माती दिसली असती."

मुकादमाने अंगठा फिरवला, मग भराभर पुढच्या लाद्या उचलून त्यांच्यावरही फिरवला.

त्या तिथूनच, लादी काखेत मारून, साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण वरून त्याच्याही मानगुटीवर कुणीतरी बसलेलं होतं.

"मावशी, तुमचं म्हणणं खरं धरलं तर ही लादी तडा घेऊनच कॅमेऱ्याखालून गेली. मग कॅमेऱ्याने पकडली का नाही? कॅमेरा खोटं बोलतो?"

"कॅमेरा बोलतच नाही, साहेब. बोलतो तो प्रोग्राम. आणि त्याला जेवढं बघायला सांगितलं असेल तेवढंच तो बघणार."

"तीन वर्षं बघतोय की नीट."

"चौकोनी लाद्या."

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाले, "एक तारखेला अकरा दिवस आहेत. तोवर काही दाखवलंत तर बघू. पण चालू मशीनला हात लावायचा नाही, आधीच सांगतो."

"हात नाही लावत. प्रोग्रामची प्रत घेऊ द्या, आणि जेवणाच्या सुट्टीत या त्रेचाळीस लाद्या कॅमेऱ्याखालून परत एकदा जाऊ द्या. मला त्यांचे फोटो हवेत."

फोटो काढायच्या आधी मावशींनी एक साधं काम केलं. प्रत्येक लादीच्या पाठीवर एक बाण कोरलेला असतो. ती पट्ट्यावरून कुठल्या टोकाने पुढे सरकली ते त्यावरून कळतं. मावशींनी मुकादमाच्या माणसांकरवी सगळ्या लाद्या अंगणात ओळीने मांडल्या, बाणाचं टोक सगळ्यांचं एकाच दिशेला. मग त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या, आणि परत आल्या.

"काय दिसतं?" त्यांनी मुकादमाला विचारलं.

"तडे दिसतात, दुसरं काय?"

"कुठे दिसत नाहीत ते बघा."

बाणाकडचा पहिला चतकोर भाग सगळ्या लाद्यांचा स्वच्छ होता. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. तडे आणि एखाद-दुसरा टवका होता तो उरलेल्या तीन चतकोरांत, कुठेही, कसाही. पण त्या पहिल्या चतकोरात एकही नाही. जणू कुणी खडूने रेघ ओढून चिरांना बजावलं होतं, अलीकडे यायचं नाही.

"त्या पहिल्या भागात तडा असलेली लादी पकडली जाते," मावशी हळूच म्हणाल्या. "म्हणून ती परत येत नाही. पुढचं त्याला दिसतच नाही."

रविवारी दोघी नणंद-भावजया केंद्रातल्या रिकाम्या वर्गात बसल्या. प्रोग्राम उघडला. नणंद भराभर खाली सरकत गेली आणि एका जागी थांबून तिने कपाळावर हात मारला.

"बघा, वहिनी. हा पराक्रम बघा."

लादी तपासणाऱ्या सगळ्या ओळींभोवती त्या माणसाने एक कुंपण घातलं होतं. आत काही चूक झाली तर ती पकडायची. आणि पकडल्यावर काय करायचं? त्या जागी काहीच नव्हतं. नुसते दोन कंस, मध्ये मोकळी जागा.

"म्हणजे चूक झाली तर कानाडोळा करायचा?"

"कानाडोळा काय, तोंडच दाबलंय. प्रोग्राम ओरडत होता, याने तोंडावर हात ठेवला. आता चूक झाली की तपासणी तिथेच सोडून देतो आणि खोट सापडली नाही म्हणून लादी पास करतो."

तिने ते कुंपण काढून टाकलं आणि एका लांबट लादीचा फोटो प्रोग्रामला दिला. स्क्रीनवर लाल ओळी उमटल्या. सगळ्यात वरची म्हणत होती: इंडेक्स सहाशे, आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंग्थ सहाशे.

कुणाला लाल अक्षरं बघून घाम फुटला असता. या दोघींचे चेहरे उजळले.

"ओरडलं!" नणंद म्हणाली. "घरं आहेत सहाशे, नंबर शून्य ते पाचशे नव्याण्णव, आणि हा सहाशेवं दार वाजवतोय."

"एक नंबर जास्त मोजला असेल," मावशी म्हणाल्या. त्यांनी मोजणीची हद्द एकाने कमी केली. परत तीच लाल ओळ. दहाने कमी केली. परत तीच. तेवढ्यात नणंदेचा पुढचा वर्ग सुरू व्हायची वेळ झाली. "तुम्ही बसा, मी तासाभरात येते," म्हणून ती गेली.

मावशींनी स्क्रीनकडे पाठ केली. त्यांनी वहीतलं चौकटींचं पान काढलं आणि त्यावर एक छोटी लादी आखली, आडवी पाच घरं, उभ्या तीन ओळी. शिंप्याच्या घरचा खडू पिशवीत असायचाच, तोही बाहेर आला. मग प्रोग्राम जे सांगतो ते एकेक शब्द वाचत त्या पानावर बोट फिरवू लागल्या, अगदी पहिलीतल्या मुलीसारखं.

फोटो ज्या अॅरेत ठेवला होता त्यात आधी ओळीचा नंबर सांगायचा आणि मग त्या ओळीतल्या घराचा. खऱ्या लादीच्या फोटोत ओळी सहाशे, आणि प्रत्येक ओळीत घरं दोन हजार चारशे. एकेक घर म्हणजे एक पिक्सेल, रंगाचा एक ठिपका. प्रोग्राममधला एक्स आडवा चालत होता, शून्यापासून दोन हजार चारशेकडे. वाय उभा चालत होता, सहाशेकडे. इथवर सगळं ठीक. मग प्रत्यक्ष घर मागताना त्या माणसाने लिहिलं होतं, आधी एक्स, मग वाय.

मावशींचं बोट थांबलं. आधी ओळ सांगायची. म्हणजे आधी वाय.

त्यांनी कागदावर चालून बघितलं. एक्स शून्य, एक, दोन, इथवर ओळी होत्या. एक्स तीन झाला आणि प्रोग्रामने चौथी ओळ मागितली. ओळी तीनच. बोट कागदाच्या बाहेर, बाकाच्या लाकडावर गेलं.

मग त्यांनी शेजारी चार बाय चारची चौकोनी लादी आखली आणि तीच उलटी चाल चालून बघितली. बोट एकदाही बाहेर गेलं नाही. लादी आडवी वाचायच्या ऐवजी उभी वाचली जात होती एवढंच. घरं सगळी तपासून व्हायची. तीन वर्षं ही चूक चौकोनी लाद्यांच्या आड सुखाने लपून बसली होती. लांबट लादी आली आणि तिचं पितळ उघडं पडलं. तर त्या भल्या माणसाने चूक शोधायच्या ऐवजी आरडाओरडाच बंद केला. लादीचा पहिला चतकोर, सहाशे बाय सहाशेचा चौकोन, तेवढाच तपासला जात होता.

नणंद परत आली तेव्हा वहिनी खिडकीपाशी उभ्या होत्या, हात खडूने पांढरे.

"वन्सं, याने आडवं-उभं उलटं लिहिलंय."

नणंदेने वाकून पान बघितलं, मग स्क्रीन बघितला, मग परत पान. "मी चार वेळा वाचली ती ओळ," ती म्हणाली. "चार वेळा! मला ती बरोबरच वाटत होती." आणि तिने अबोल्याच्या सगळ्या वर्षांचं उट्टं काढावं तशी वहिनींना मिठी मारली.

दोन अक्षरांची अदलाबदल केली. त्रेचाळीस फोटो एकामागून एक सोडले. एकेचाळीस लाद्यांना प्रोग्रामने खोट काढली.

"झालं की!" नणंद म्हणाली.

"दोन राहिल्या."

"वहिनी, एकेचाळीस पकडल्या!"

"माझ्या हातून दोन सुटल्या असत्या तर रात्री झोप लागली नसती मला," मावशी म्हणाल्या, आणि खुर्ची पुढे ओढली.

त्या दोन लाद्यांना चीर नव्हती, कडेला टवका उडाला होता, नखाच्या पांढऱ्या कोरेएवढा. प्रोग्राम प्रत्येक घराची तुलना चारही बाजूंच्या दहा-दहा शेजाऱ्यांच्या सरासरीशी करायचा. शेजाऱ्यांपेक्षा एखादं घर फार काळं किंवा फार उजळ निघालं की तिथे खोट. कडेच्या घरांना एका बाजूला शेजारी नसतात, म्हणून त्या माणसाने कडेची दहा-दहा घरं सरळ सोडून दिली होती. चोवीस वर्षांच्या नोकरीत मावशींना एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती, लादी बिघडायला लागते ती कडेपासून. आणि हा शहाणा नेमकी कडच बघत नव्हता.

हे काम त्यांनी घरी, शिंप्याच्या कापडांच्या ढिगाशेजारी नणंदेचा लॅपटॉप ठेवून केलं. मोजणी कडेपासून सुरू केली तशी नवी लाल ओळ आली, इंडेक्स उणे दहा. नवऱ्याने चष्म्यावरून बघितलं. "उणे दहा? हे कुठलं माप?"

"लादीच्या बाहेरचं. शून्याच्याही अलीकडची दारं वाजवतेय मी."

मग त्यांनी नसलेल्या शेजाऱ्यांच्या जागी शून्य भरलं. लाल ओळ गेली, पण आता उलटंच झालं, चांगल्या लाद्यांनाही खोट निघू लागली. कारण शून्य म्हणजे काळा रंग, आणि प्रत्येक लादीभोवती काळी चौकट असल्यासारखं प्रोग्रामला वाटू लागलं. मावशी दोन दिवस याच्याशी झुंजल्या. भाजी करपली, नवऱ्याने तशीच खाल्ली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, नवरा एका सदऱ्याची कॉलर उलटवत असताना, त्या अचानक म्हणाल्या, "जे शेजारी नाहीत त्यांना विचारायचंच कशाला? जे आहेत तेवढ्यांनाच विचारावं, आणि जेवढे भेटले तेवढ्यांनीच भागावं."

"कोण शेजारी?" नवरा दचकला. "मी कुणाला काही विचारलं नाही."

त्या ऐकायला जागेवर नव्हत्या. पाच ओळी लिहिल्या. शेजाऱ्याचा नंबर शून्यापेक्षा लहान किंवा घरांच्या संख्येइतका वा त्याहून मोठा असेल तर त्याला सोड, पुढे चल. चालवला. त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस. मग चांगल्या, निर्दोष लाद्यांचे दोनशे फोटो सोडले. एकालाही खोट नाही. मावशी उठल्या, शिंप्याच्या मशीनवरची कात्री उचलून बाजूला ठेवली, त्याचे दोन्ही हात धरले आणि त्याला खुर्चीतून उठवून खोलीभर गरागरा फिरवलं.

"अगं, कॉलर! सुई आहे तिच्यात!" तो ओरडत होता, आणि हसत होता.

एक तारखेच्या दोन दिवस आधी, सकाळी दहा वाजता, साहेबांनी पट्टा थांबवायची परवानगी दिली. बातमी सगळीकडे पसरलेली. पॅकिंगच्या बायका आल्या, भट्टीवाले आले, मुकादम आपल्या तेरा माणसांसह एका कडेला उभा राहिला. साहेब काचेच्या खोलीच्या दारात, हाताची घडी घालून.

"आधी जुना प्रोग्राम," मावशी म्हणाल्या. त्रेचाळीस लाद्या पट्ट्यावरून गेल्या. दिवा हिरवा, हिरवा, हिरवा. एकही पडली नाही. साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"आता नवा."

पहिली लादी चौकटीखाली गेली. लाल दिवा. दांड्याने ती बाजूच्या गादीवर ढकलली. "एक!" हमालांपैकी कुणीतरी मोजलं. दुसरी. "दोन!" आता दोघे मोजत होते. दहापर्यंत सगळी टोळी मोजू लागली, विसापासून पॅकिंगच्या बायकाही. चाळिसानंतर कारखान्यात असा काही गलका झाला की भट्टीचा आवाज ऐकू येईना. "एकेचाळीस!" मावशींनी ओठ घट्ट मिटले. पुढच्या दोन त्या टवक्यावाल्या होत्या. "बेचाळीस!" लाल. "त्रेचाळीस!" लाल.

मुकादम दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता.

"ताज्या लाद्या सोडा," साहेब म्हणाले. भट्टीतून नुकत्या निघालेल्या, अजून कोमट असलेल्या शंभर लाद्या, ज्यांना एकाही हमालाचं बोट लागलं नव्हतं, त्या पट्ट्यावर आल्या. सहा पडल्या. साहेब स्वतः गादीपाशी गेले, पहिली उचलली, उजेडाकडे धरली, तड्यावरून नख फिरवलं. नख अडकलं नाही. सहाही लाद्या त्यांनी अशाच बघितल्या. मग ते सरळ मुकादमासमोर गेले.

"माझं चुकलं," सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले. "तुमची टोळी कुठे जात नाही."

त्यानंतरचा आनंद काही शब्दांत मावणारा नव्हता. हमालांनी मावशींना खुर्चीसकट उचललं. "अरे, पडेन मी! मेल्यांनो, खाली ठेवा!" त्या ओरडत राहिल्या, आणि लहान मूल उचलावं तसं त्या चौदा जणांनी त्यांना पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं आणि हलकेच खाली ठेवलं. पॅकिंगमधली एक जुनी मैत्रीण डोळे पुसत म्हणाली, "आपली घार उडाली ग बाई!"

त्याच दुपारी साहेबांनी मावशींना विचारलं, की तडे पडतात तरी का? मावशींनी ताज्या सहा लाद्या मांडून दाखवल्या, बहुतेक चिरा मागच्या टोकाकडच्या, आणि म्हणाल्या, की लांबट लादी भट्टीआधी सुकवतात तेव्हा तिचं मागचं टोक पुढच्यापेक्षा लवकर वाळतं, तिथला पंखा बघा. पंखा बघितला. वाकडा होता. आठवडाभरात लाल दिवा दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळीच लागू लागला.

काचेच्या खोलीच्या दारावर आता पाटी लागली: "तपासणी प्रोग्राम प्रमुख". मावशींनी ती बघितली आणि साहेबांना सांगितलं की उजवीकडचा खिळा अर्धी रेघ खाली आलाय. साहेबांनी तो निमूटपणे स्वतः ठोकून घेतला. कारखान्याच्या दुसऱ्या दोन पट्ट्यांवरही त्यांचाच प्रोग्राम चढला. त्यात कुठे काही चुकलं तर तो गप्प बसत नाही. लादीचा नंबर, ओळ आणि घर सांगून पट्टा थांबवतो. सुरुवातीला लोक वैतागले. मावशींनी कुणाचं ऐकलं नाही.

दोन महिन्यांनी एका सकाळी नमुने बनवणारा कारागीर काचेच्या खोलीत शिरला. हातात कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि चेहऱ्यावर अपराध्याचा भाव. त्याने कपडा उलगडला. आत सहा बाजूंची, मधाच्या पोळ्यातल्या घरासारखी लादी होती.

"साहेब म्हणाले आधी तुम्हाला विचार," तो चाचरत म्हणाला. "हिला सहा कोपरे आहेत, पण फोटो तर चौकोनीच निघणार. कडेला मोकळी जागा राहते. जमेल का, मावशी?"

मावशींनी लादी हातात घेतली, उजेडाकडे तिरकी धरली, सहाही कडांवरून अंगठा फिरवला. मग वहीतलं कोरं पान काढून तिच्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढली.

"बस," त्या म्हणाल्या. "आधी बघू, हिची घरं कुठून कुठपर्यंत आहेत."